वाचनकाकूंना विचारा : पान १७७ ते १९२

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की घरातली तेरा ते सतरा वयाची मुलं काय वाचून राहिलीत ते कळवा, तर पत्रांचा नुसता पाऊस पडलाय. एकाने तर रात्री दीड वाजता व्हॉट्सअॅपवर आपल्या कपाटाचा फोटो पाठवला, खाली एक शब्द नाही. सगळी पत्रं छापता येत नाहीत, जागा तेवढीच आणि संपादकांची कात्री कायम तयार. चार निवडलीत. तीन छोटी आहेत ती आधी उरकते, चौथं मोठं आहे आणि खरं सांगायचं तर मला त्याच्यावरच बोलायचंय.

इंदुरातल्या रामबागेतून एक आजोबा लिहितात : नात सारखी "वायए, वायए" करत असते. हे काय नवीन? आमच्या वेळी बालवाङ्मय होतं आणि त्यानंतर एकदम खांडेकर-फडके. मधलं काही नव्हतं आणि आमचं काही अडलं नाही.

आजोबा, वायए म्हणजे यंग अडल्ट, साधारण बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या. नवीन मात्र अजिबात नाही. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने या वयाच्या वाचकांसाठी वेगळा विभाग काढला तो १९५७ साली, म्हणजे तुम्ही स्वतः चड्डीत असाल तेव्हा. आणि हा शिक्का पुस्तकाच्या आत नसतो हो, कपाटावर असतो. मार्कस झुसाकची 'द बुक थीफ' ही कादंबरी, २००५ची, गोष्ट सांगणारा साक्षात मृत्यू. ती लेखकाच्या देशात, ऑस्ट्रेलियात, मोठ्यांची कादंबरी म्हणून आली आणि अमेरिकेत तीच्या तीच किशोरांच्या कपाटात गेली. पुस्तक तेच, फळी बदलली.

"अडलं नाही" म्हणता ते मात्र मला पटत नाही. अडलं असेल, पण विचारायला कोण होतं? या मधल्या रिकाम्या फळीबद्दल खाली बोलणारच आहे, तेवढं वाचा आणि मग नातीला हाक मारा.

सुदामा नगरमधून एक आई : मुलगी तेरा वर्षांची. एक पुस्तक आणलंय ज्यात चोवीस मुलं टीव्हीवरच्या एका खेळात एकमेकांना मारतात. मी मागचं कव्हर वाचलं आणि माझी झोपच उडाली. काढून घेऊ का? ही मुलं इतकं भयानक का वाचतात?

ताई, 'हंगर गेम्स' म्हणताय तुम्ही. सुझान कॉलिन्स, २००८. तिला ही कल्पना सुचली ती रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना, एकीकडे रिअॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं, बघता बघता दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली. दुसरी प्रेरणा ग्रीक पुराणातली, अथेन्सने सात मुलगे आणि सात मुली एका राक्षसाला खायला पाठवायच्या ती गोष्ट. आता सांगा, ही गोष्ट तुम्ही लेकीला वरणभात भरवताना सांगितलेली नाही? एकचक्रा नगरी, गाडाभर अन्न, दोन रेडे आणि रोज एका घरातला एक माणूस. बकासुर आपण चार वर्षांच्या पोरांना सांगतो आणि ती मजेत ऐकतात, "मग काय झालं" म्हणत अजून एक घास खातात. महाभारतात तर त्या ब्राह्मणाच्या घरात वाद होतो की कोणी जायचं, बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मला पाठवा, आणि तो बोबडा धाकटा गवताची काडी हातात घेऊन म्हणतो मीच मारतो राक्षसाला. तुमच्या लेकीच्या पुस्तकातली सोळा वर्षांची कॅटनिसही तेच म्हणते, बारा वर्षांच्या बहिणीचं नाव निघाल्यावर पुढे होऊन, मी जाते. बस, तिथूनच पुस्तक चालू होतं. त्यामुळे काढून घेऊ नका, तुम्हीच वाचा, म्हणजे जेवताना दोघींना बोलायला विषय मिळेल.

काळजी दुसऱ्या पुस्तकांची करा. हल्ली गुलाबी-निळी, कार्टूनसारखी चित्रं असलेली कव्हरं येतात, दिसायला एकदम शाळकरी, आत मात्र मोठ्यांच्या रोमान्स कादंबऱ्या, चांगल्या उघड्या. ती वायए नव्हेत. "न्यू अडल्ट" असं लिहिलेलं दिसलं तर ते अठराच्या पुढचं समजा. रील्सवर सगळं एकाच ढिगात दाखवतात, मुलींना फरक कळत नाही आणि आया कव्हर बघून "बरं, लहान मुलांचं आहे" म्हणून पैसे देऊन मोकळ्या होतात. एवढं बघा, बाकी भीतीदायक वगैरे पोरं पचवतात.

नववीतला एक मुलगा, पाटनीपुरा : मला एक पान वाचायला पाच मिनिटं लागतात. मित्र हसतात. आधी पिक्चर बघून मग पुस्तक वाचलं तर चीटिंग आहे का?

नाही रे बाबा. गोष्ट माहीत असली की डोक्याला एक काम कमी, नुसतं वाचायचं, आणि तुला सध्या तेच हवंय. 'पर्सी जॅक्सन' शोध. रिक रायर्डन शाळेत शिकवायचा, त्याच्या मुलाला एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही) आणि डिस्लेक्सिया (अक्षरं वाचताना गोंधळ होतो), वाचायचं म्हटलं की रडारड. बाप रोज रात्री ग्रीक देवांच्या गोष्टी सांगायचा, त्या एक दिवस संपल्या तेव्हा पोरगा म्हणाला आता नवीन बनवून सांग. त्यातून पर्सी आला, आणि बापाने पर्सीलाही तोच त्रास देऊन टाकला, त्याला अक्षरं पानावरून सुटून तरंगताना दिसतात, कारण काय तर त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला बनलेला आहे! पहिलं पुस्तक २००५ साली आलं. ऑडिओबुक कानात लावून, पानावर बोट ठेवून वाच, तेही वाचनच आहे. आणि तुलाही अक्षरं हलताना किंवा उलटी दिसत असतील तर हसणाऱ्या मित्रांना सोड, आईला सांग, त्याची तपासणी होते आणि उपायही आहेत.

आता चौथं पत्र. राजेंद्र नगरहून, दहावीतली मुलगी. पत्र मोठं होतं, थोडं छाटलंय, भाषा मात्र तिचीच ठेवलीये कारण मला ती फार आवडली.

"काकू, नमस्ते. मी इंग्लिश मीडियममध्ये आहे. घरी मराठी बोलतो पण आमची मराठी इंदोरी आहे, मी 'वाचून राहिलेय' म्हणते तर पुण्याची आत्येबहीण हसून हसून लोळते, म्हणून चुका सांभाळून घ्या.

मला वायए नॉव्हेल्स खूप म्हणजे खूप आवडतात. सगळ्यात फेवरेट हंगर गेम्सचं पहिलं पुस्तक, सात वेळा वाचलंय. ते मी फुटपाथवरून दीडशे रुपयांत घेतलं होतं, डुप्लिकेट आहे हे तेव्हा नाही कळलं. घरी येऊन वाचून राहिले होते तर १७६ पानानंतर परत १६१ आलं! मला वाटलं मीच झोपेत आहे. १६१ ते १७६ दोनदा छापलेलं आणि १७७ ते १९२ गायब. एकदम रंगात आलेलं असताना. मग मैत्रिणीकडून तिची कॉपी चार दिवसांसाठी आणली आणि ती सोळा पानं हाताने लिहून काढली. माझं अक्षर मोठं आहे म्हणून ती बावीस झाली, फेव्हिकॉलने चिकटवली. आता पुस्तक बंद होत नाही, रबर बँड लावून ठेवते.

प्रॉब्लेम तीन आहेत. आजी म्हणते ही काय पुस्तकं, 'मृत्युंजय' वाच. आईने बोर्ड होईपर्यंत सगळी नॉव्हेल्स कपाटात लॉक केलीत आणि तिला समजतच नाही की जे सात वेळा वाचलंय ते आठव्यांदा का पाहिजे, ती म्हणते हे नॉर्मल नाही. आणि तिसरं, मराठीत असं काही आहे का? मी ट्राय केलं. लायब्ररीत विचारलं तर त्यांनी मला परीची पुस्तकं दिली. मी पंधरा वर्षांची आहे काकू. बहिणीने 'शाळा' दिलं, आवडलं पण अर्धं कळलं नाही, आणीबाणी काय ते गूगल करावं लागलं.
— पुस्तकवेडी"

अगं पुस्तकवेडे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, त्याने पोह्यांची बशी तशीच हातात धरून ऐकलं.

आधी तुझ्या पुस्तकाला झालं काय ते सांगते, माझे वडील छापखान्यात होते म्हणून मला माहीत. पुस्तक एकेक पान करून नाही छापत. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं छापतात, मग घड्या घालतात, झाला सोळा पानांचा एक फर्मा. असे फर्मे ओळीने मांडून ठेवतात, एकेक उचलून एकावर एक ठेवायचा आणि बांधायचं. आता हिशोब कर, १६१ ते १७६ हा अकरावा फर्मा आणि १७७ ते १९२ बारावा. तुझ्या कॉपीच्या वेळी कुणीतरी अकरावा दोनदा उचलला. वडील म्हणायचे फर्मा चुकला की वाचकाचा शाप लागतो. चांगल्या प्रकाशकाचं असतं तर दुकानदाराने बदलून दिलं असतं, चोरीच्या छपाईत कोणाला विचारणार? पुढच्या वेळी ओरिजिनल घे, जुनं मिळालं तरी चालेल, खजुरी बाजारात हिंडलीस तर मिळतं, पण घेण्याआधी तिथेच उभं राहून पानांचे आकडे बघायचे. लाजायचं नाही.

आता आई. आईशी भांडू नको, बोर्ड आहे, तीही झोपत नाहीये. पण तिला एक गोष्ट नीट समजावून सांग, सांगताना "नॉर्मल" वगैरे शब्दात अडकू नको. परीक्षेच्या दिवसांत धोका नव्या पुस्तकाचा असतो. नवं पुस्तक म्हणजे अजून एकच चॅप्टर, अजून एकच, आणि घड्याळात दोन. सात वेळा वाचलेलं पुस्तक तसं करत नाही, कारण पुढे काय होणार ते तुला पाठ आहे. कुठूनही उघड, वीस मिनिटं वाच, कुठेही बंद कर (तुझं बंद होत नाही ते सोड). आम्ही लहानपणी परीक्षेच्या रात्री आजीच्या कुशीत जाऊन तीच ती चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकायचो, ती काय शेवट कळावा म्हणून? तेव्हा सौदा असा कर की बाकी सगळी नॉव्हेल्स कुलपात राहू देत, किल्ली आईकडेच, फक्त हे एक रबर बँडवालं बाहेर. कोचिंगहून आल्यावर, जेवणानंतर, वीस मिनिटं. आई लावू दे टायमर. मला वाटतं मानेल. नाही मानली तर हे पान तिला दाखव, आणि तरीही नाहीच मानली तर मार्च काय फार लांब नाही.

आजीचं जरा वेगळं आहे. 'मृत्युंजय' १९६७ साली आलं आणि तुझी आजी तेव्हा कदाचित तुझ्याच वयाची असेल, तिच्यासाठी ते नुसतं पुस्तक नाहीये. त्याच वर्षी, १९६७ मध्येच, तिकडे अमेरिकेत टल्सा गावच्या एका मुलीची कादंबरी छापून आली, 'द आउटसायडर्स'. एस. ई. हिंटन. लिहायला लागली तेव्हा पंधरा वर्षांची होती, म्हणजे एक्झॅक्ट तुझ्याएवढी, छापली तेव्हा अठराची. शाळेत मुलांच्या ज्या टोळ्या होत्या त्यांच्यावर. तिचं म्हणणं असं की माझ्या वयाच्या मुलांचं खरंखुरं असं वाचायला काही मिळेना म्हणून लिहिलं. प्रकाशकाने पूर्ण नाव न टाकता नुसती इनिशियल्स टाकली, कारण मुलांच्या टोळ्यांवर एका मुलीने लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक आधीच नाक मुरडतील. तुझ्या कपाटात जी काही पुस्तकं बंद आहेत ना, त्यांची आजी म्हण हिला.

तर आजीला वाद घालून पटवू नको. तिला एवढंच विचार, 'चौघीजणी' वाचलंयस का? शांता शेळक्यांनी केलेला 'लिटिल विमेन'चा अनुवाद. मूळ पुस्तक १८६८चं, आणि लुइसा मे अल्कॉटला तिच्या प्रकाशकाने सरळ सांगितलं होतं की मुलींसाठी एक पुस्तक लिहून दे. तिचं फारसं मन नव्हतं, पण लिहिलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचं वायएच की ते. त्यातली ज्यो माळ्यावर जाऊन सफरचंदं खात खात, रडत रडत कादंबरी वाचत बसते. आजीने वाचलेलं असणार, आणि वाचलं असेल तर तिचा चेहरा बघ नाव काढल्यावर. माझ्या आजीला मी तेच पुस्तक वाचताना डोळे पुसताना पकडलंय, मला म्हणाली, कांदा चिरत होते. दुपारी तीन वाजता!

आणि हो, 'मृत्युंजय' वाच तू, पण आजी म्हणते म्हणून नको, आणि बोर्डानंतर वाच. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे आळीपाळीने "मी" म्हणून बोलतात, एकच गोष्ट प्रत्येकाच्या डोळ्यांनी. तुझ्या आवडत्या कादंबऱ्यांमध्ये हे दर दुसऱ्या पुस्तकात असतं, तुला त्याची सवय आहे. जाडी बघून घाबरू नको, जाड पुस्तकं तू बावीस पानं स्वतः लिहून अजून जाड करतेस.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे मला जरा राग आहे, तुझ्यावर नाही. लायब्ररीत तुला परी दिली ना? माझीच गोष्ट ऐक. मी सहावीत होते तेव्हा आमच्या वाचनालयातलं बालविभागाचं कपाट संपलं. संपलं म्हणजे खरंच संपलं, एकूण चार फळ्या होत्या. मी कादंबऱ्यांच्या कपाटाकडे गेले तर ग्रंथपाल काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "मॅट्रिक झाल्यावर ये." त्यांचा नियम होता, वाईट माणूस नव्हता, दिवाळी अंक आला की आधी मला द्यायचा. पण अकरा ते सोळा मी करायचं काय? मग आजीचं कार्ड. आजीच्या नावावर दोन पुस्तकं मिळायची, एक तिच्या आवडीचं आणि एक "आजीला हवंय" असं सांगून मी आणायचे. काकांना कळत होतं, कारण आजीला एकदम साहसकथा आणि शिकारकथा आवडायला लागल्या होत्या. चाळीस वर्षं झाली, आणि तुला अजून परीच देऊन राहिलेत.

पुस्तकं नाहीत असं नाहीये गं. आहेत, पण अर्धी "बाल" लिहिलेल्या कपाटात आणि अर्धी मोठ्यांच्या कादंबऱ्यांत, आणि मधली फळी कुणी केलीच नाही. त्यामुळे तू कुठे जाऊन मागणार? फास्टर फेणे बालविभागात मिळेल. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, आणि "ट्टॉक". २०१७ साली त्याच्यावर अमेय वाघचा पिक्चर आला तो बघितला असशील. पण एक गोष्ट तुला तुझ्या पुण्याच्या बहिणीला ठसक्यात सांगता येईल, फेणे जरी पुण्याच्या शाळेत शिकला तरी त्याला जन्माला घालणारे भा. रा. भागवत जन्मले आपल्या इंदुरात, १९१० साली. हसू दे आता तिला.

खरं म्हणजे फेणे तुला थोडा लहान पडेल. तुझ्या वयाचं जे आहे ते मोठ्यांच्या कपाटात सापडतं. 'शाळा' तुला अर्धं कळलं नाही असं म्हणालीस, त्यात तुझी काही चूक नाही. मिलिंद बोकिलांनी ते लिहिलं २००४ मध्ये, गोष्ट १९७५च्या आसपासची, आणीबाणीतली नववी. मराठीत या वयावर जे चांगलं लिहिलंय ते बहुतेक असं आहे, मोठ्या माणसाने मागे वळून बघत, मोठ्या माणसांसाठी. वाचणाऱ्या काका-काकूंच्या डोळ्यांत पाणी येतं कारण त्यांना आपली शाळा आठवते. तुला कशी आठवणार, तुझी तर चालू आहे! इंग्रजीत तुला जे आवडतं त्यातली कॅटनिस वर्तमानकाळात बोलते, मी पळतेय, मी झाडावर चढतेय, आत्ता, पुढे काय होणार तिलाही माहीत नाही. मराठीत तसं लिहिलेलं फार कमी, आणि हे मला खटकतं.

पण एक आहे जे मी तुला देईनच, कारण ते मला तुझं वाटतं. लंपन. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास', १९९४ साली आलं, मग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. कथा आहेत, कादंबरी नाही, पण मुलगा एकच. तेही मोठेपणीच लिहिलंय, संतांची पन्नाशी उलटून गेली होती 'वनवास' आलं तेव्हा, तरी मागे वळून बघितल्यासारखं वाटत नाही, पोरगा तुझ्या शेजारी बसून बोलतो. आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे, बेळगावकडच्या एका गावात राहतो. तिथलं मराठी कसं, तर कानडीच्या शेजारचं. वाक्यं वेगळी वळतात, माणसं हेल काढून बोलतात, आणि प्रत्येक गोष्ट ह्याला "मॅड" वाटते. पुण्याच्या मुलाने तोंडात तसं एक वाक्य धरलं तर त्याची बहीणही हसून लोळेल. आणि त्याच मराठीत हे पुस्तक आहे, आणि पुण्या-मुंबईचे लोक ते डोक्यावर घेऊन नाचतात. तुझं "वाचून राहिलेय" हिंदीच्या शेजारचं, त्याचं कानडीच्या. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्या रामबागेतली, नारायण बागेतली पोरं आठवत होती, जी घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत तिसरंच बोलतात आणि कुठल्याही एका भाषेत धड गप्प बसत नाहीत.

वाचायला अवघड जाईल असं वाटत असेल तर तसं नाही, हिंदीमुळे तुझी देवनागरी पक्की आहे, बाहेरदेशी वाढलेल्या पोरांचं जे अर्धं आयुष्य अक्षर ओळखण्यात जातं ते तुझं वाचलं. अडशील ती "ळ"वर, आणि "च"वर, चहातला कुठला आणि चाकातला कुठला. मोठ्याने वाच, आजीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, ती स्वयंपाकघरातून ओरडून दुरुस्त करेल. दहा पानांत सवय होते. आणि रोज थोडंसं काही हवं असेल तर 'किशोर' मासिक, बालभारती १९७१ पासून काढते, जुने अंक त्यांनी ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत. फोनवर उघडतात. आईला हे मात्र आत्ता सांगू नको, फोन दिसला की सौदा मोडेल.

सात वेळा वाचण्याबद्दल वर सांगितलंच, पण एक राहिलं. तू चार रात्री बसून सोळा पानं लिहून काढलीस. फोनने सोळा फोटो काढले असतेस तर पाच मिनिटांत काम झालं असतं, तुला सुचलं नसेल असं मला नाही वाटत. लिहून काढताना एकेका वाक्यापाशी थांबावं लागतं, हा कॉमा इथे का, हिने इथे नाव का नाही घेतलं. वाचताना डोळे पुढे पळतात, हात नाही पळत. त्या सोळा पानांबद्दल तुला त्या पुस्तकातल्या बाकी कुठल्याही पानापेक्षा जास्त माहिती आहे की नाही, खरं सांग? मला उत्तर हवंय याचं, पत्रानेच.

बोर्ड संपलं की एखाद्या शनिवारी अंकाच्या ऑफिसात ये, आजीलाही आण. माझ्याकडे 'वनवास'ची एक जुनी प्रत आहे, बांधणी सैल झालीये पण फर्मे सगळे आहेत, मोजलेत मी. ती तू ने, आणि तुझं रबर बँडवालं मला तेवढे दिवस ठेवायला दे. छापलेलं १७६ पानापर्यंत पटापट वाचेन म्हणते, मला ती बावीस पानं वाचायचीयेत. आणि रबर बँड जाडवाला लाव गं, पातळ असला की उन्हाळ्यात वितळून कव्हरला चिकटतो.

— काकू